सोनूचा रिपोर्ट आणि मावशीचा प्रश्न

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

सोनूचा रिपोर्ट मिळाला. बाबा, तुम्ही एसजीपीटीला, म्हणजे यकृताच्या एन्झाइमला, लाल पेनाने गोल केलाय, आणि आई विचारते की तुझ्या लॅबमध्ये एन्झाइमच मोजतात ना, मग रक्तावरून तिचा एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) कुठल्या प्रकारचा ते सांग, मावशी रडकुंडीला आलीय.

एसजीपीटी एमएसचं नाही. तिला एमएससाठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं चालू आहेत, त्याने यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून ते तपासतात. आकडा वाढलाय तर डॉक्टरांना दाखवा, पण इंजेक्शन मनाने बंद करू देऊ नका.

आम्ही मोजतो ते एमएमपी-९. पांढऱ्या पेशी हे एन्झाइम सोडतात, त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची घट्ट शिवण उसवते, पेशी आत घुसतात आणि मज्जातंतूंवरचं आवरण, म्हणजे मायलिन, खराब होतं. साधारण ८५ टक्के रुग्णांत आजार अटॅकने, म्हणजे लक्षणं एकदम उफाळून, सुरू होतो. मध्ये बरं वाटतं, सोनूचा डोळा सुधारला तसं. या प्रकारात अटॅकच्या सुमारास रक्तातलं एमएमपी-९ वाढलेलं दिसतं. पहिल्यापासून हळूहळू बळावणाऱ्या प्रकारात वाढ सहसा इतकी ठळक नसते, तिथे बरंचसं नुकसान आतल्या आतच चालू असतं.

पण हा फरक गटांच्या सरासरीतला आहे. आमच्या चाचणीच्या ९६ खाचांच्या प्लेटमध्ये निळा रंग आम्ल घालताच पिवळा होतो (जितका गडद, तितकं एन्झाइम जास्त), तेव्हा रुग्ण आणि निरोगी माणूस यांच्या खाचा कितीदा तरी सारख्याच पिवळ्या दिसतात. साधा संसर्ग झाला तरी एमएमपी-९ वाढतं. रक्त नळीत गोठलं तर पेशी तिथेच ते सोडतात आणि आकडा फुगतो. रक्ताच्या एका थेंबात उत्तर मिळावं असं मलाही फार वाटतं, आई, त्यासाठीच तर इथे राबतेय. मज्जातंतूंना इजा झाली की रक्तात उतरणारं न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन जास्त आशादायक आहे. ते एन्झाइम नाही, आणि वयानेही वाढतं, त्यामुळे प्रकार त्यावरूनही ठरत नाही.

प्रकार ठरतो तो अटॅक कधी आले, किती सुधारणा झाली, तपासणीत काय दिसलं आणि एमआरआय काय सांगतो यावरून. तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेल्या त्या महागड्या टेस्टला मावशीने पैसे घालू नयेत. पुढच्या व्हिजिटला जुन्या एमआरआयची सीडी न विसरता न्यायला सांगा, नव्याशी ताडून पाहायला ती लागेलच. आणि सोनूला रविवारी मला फोन करू दे, तिच्याशी मीच बोलते.

तुमची,
ताई