मचाण पाच फुटांवरच

चि. प्रशांतास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर निंबापाशी दहा फूट उंच मचाण बांधण्यावरून तुझा आवाज चढला. "बाबा, मी काही लहान नाही" म्हणालास अन् फोन ठेवलास. नाहीस, कबूल. पण त्या निंबावर खेळणार आहे चिमी, आणि ती पाच वर्षांची आहे. दहा फूट तिच्यासाठी फार होतात, बाबू.

झाड चांगलं निवडलंस. शेवगा किंवा गुलमोहर असता तर नकोच म्हटलं असतं. त्यांची फांदी ठिसूळ, कधी मोडेल नेम नाही. बुंधा हातोडीनं ठोकून बघ. पोकळ वाजला किंवा मुळाशी भूछत्रं दिसली तर तिथंच थांब. आग्या मोहोळ नाही ना, तेही वर मान करून पाहा.

मचाण झाडाला जखडू नको. वावधनात झाड डोलतं, चौकट डोलत नाही. दोन्ही एकत्र बांधलं की खिळे उपटतात नाहीतर लाकूड चिरतं. तार गुंडाळली तर खोड जाड होताना ती सालीत रुतते आणि झाड वाळू लागतं. चार खांब वेगळे उभे कर. सहा बाय सहाचा पाट पुरे. झाड एका कडेला येऊ दे, पाट आणि खोड यांत दोन इंच मोकळे ठेव.

खरी गोम खांबांत आहे. तुझ्याकडची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि वरवर रोवलेला खांब तिच्याबरोबर हलतो. मुरूम लागेपर्यंत खण. मनगटाएवढं मूळ आलं तर तोडू नको, खड्डा सरकव. तळाशी सहा इंच काँक्रीट, वर काँक्रीटचाच खुंटा, जमिनीपासून सहा इंच उंच. त्यात लोखंडी पट्ट्या पुरून खांब त्यांच्यात बोल्टनं धर. लाकूड मातीत गेलं की उधई आलीच. खांबांना चारही बाजूंनी कैच्या, म्हणजे तिरपे आधार, मार, नाहीतर पोरं नाचली की सगळं हेलकावे खाईल. सांध्यांना खिळे नकोत, चार सूत म्हणजे अर्ध्या इंचाचे नटबोल्ट, दोन्हीकडे वायसर.

लाकूड विकत घेऊ नको. जुन्या घराचे सागाचे मयाल, त्या जाड तुळया, गोठ्यात पडलेत, तुझ्या आजोबांनी परतवाड्याहून आणलेले. फक्त जुने खिळे काढून मग रंधा मार. पाटाच्या फळ्यांत दोन सूत फट ठेव, पाणी गळून जाईल. वर टिन टाकू नको. वैशाखात भट्टी होते आणि वाऱ्यात उडतो. बांबूचे तट्टे बरे.

उंचीचं पुन्हा सांगतो. आजोबांच्या वावरातलं मचाण उंच होतं, कारण ते जागलीचं होतं, रानडुकरं लांबून दिसावीत म्हणून. तू त्यावर कंदील घेऊन बसायचास, झोप आली तरी खाली यायचा नाहीस. आजोबा गावभर सांगत, पोट्टा भीत नाही म्हणून. मीही सांगे. पण त्याच मचाणावरून पडलेल्या काकाचा हात तुला माहीत आहे.

पाच फूट ठेव. कठडा पाटापासून तीन फूट, उभ्या पट्ट्यांचा. आडव्या असल्या की पोरं त्यांचीच शिडी करतात. दोन पट्ट्यांत साडेतीन इंचांहून कमी अंतर, डोकं अडकायला नको. शिडी तिरपी, दर दहा इंचांवर पायरी. लोंबते दोर, झोळ्या काही नको, गळ्याला फास बसतो. खाली सहा फुटांपर्यंत दगड, ओटा, टाकी काही नको. आरागिरणीतून लाकडाच्या चिपा आणून बारा इंच थर टाक. दबून नऊ तरी राहिला पाहिजे. आभाळ गडगडलं की सगळे घरात, पाऊस नसला तरी.

झाली बघ मास्तरकी. राग मानू नको. करवत तुझ्या हातात माझ्याहून सरळ चालते, हे मी चारचौघांतही म्हणतो. आई म्हणते, त्याला करू दे त्याच्या मनानं. कर. पाच नको वाटलं तर साडेपाच कर, त्याच्यावर नाही.

मुरूम किती खाली लागला ते कळव, म्हणजे सिमेंटच्या थैल्या सांगतो. चार फुटांवरही नाही लागला तर पुढं खणण्याआधी फोन कर. उचलीन.

तुझे
बाबा