अधिवेशनाच्या गोषवाऱ्यात एक रकाना कमी आहे: संसदीय कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. संसदीय कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार.

नागपूरचे हिवाळी अधिवेशन ८ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाले आणि १४ तारखेला संपले. अधिवेशन संस्थगित होताना कामकाजाचा गोषवारा वाचून दाखवण्याची प्रथा आहे: बैठका किती झाल्या, प्रत्यक्ष कामकाज किती तास किती मिनिटे चालले, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचना) किती आल्या, विधेयके किती संमत झाली, सदस्यांची उपस्थिती किती टक्के होती. या हिशेबात आमचा दीड एकर कुठे बसतो, हे पाहण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. तो कुठेच बसत नाही.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यातले. वडील हयात असताना आमच्या धानाच्या बांध्यांमधून नहर खोदली गेली आणि शेताचे दोन तुकडे झाले. नहरेत अद्याप पाणी आलेले नाही, बाभळी मात्र पुरुषभर वाढल्या आहेत. मोबदल्याचा निवाडा अडकून पडला आहे आणि सातबाऱ्यावर भूसंपादनाची नोंद असल्यामुळे त्या दीड एकरावर पीककर्जही मिळत नाही. २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात आमच्या आमदारांनी हा विषय मांडला, तेव्हा संबंधित मंत्र्यांनी तीन महिन्यांत मोबदला देण्याचे आश्वासन दिले. सभागृहात दिलेले आश्वासन ९० दिवसांत पूर्ण व्हावे, असा संकेत आहे. आमचे ९० दिवस मार्च २०२४ मध्येच संपले.

२०२४ च्या अधिवेशनात विचारावे, तर कोणाला? १५ डिसेंबरला नागपुरात मंत्र्यांचा शपथविधी झाला, १६ ते २१ अधिवेशन चालले आणि खातेवाटप जाहीर झाले ते अधिवेशन आटोपल्यावर, २१ तारखेच्या रात्री. म्हणजे सहा दिवस राज्याला मंत्री होते, पण कोणत्या मंत्र्याकडे कोणते खाते हे खुद्द मंत्र्यांनाही ठाऊक नव्हते. त्या अधिवेशनाचेही तास आणि मिनिटे मोजली गेली असतीलच.

यंदा आईने हट्ट धरला की आपण स्वतः जाऊन ऐकू. आमदारांच्या चिठ्ठीवर दोन पास मिळाले. प्रवेशद्वारावर माझा मोबाइल, तिची तंबाखूची डबी आणि फडक्यात बांधलेली भाकर काढून घेण्यात आली. भाकरीपासून सभागृहाला कोणता धोका होता, हे तिने परत येताना दोनदा विचारले. प्रेक्षक गॅलरीत आम्ही बसलो, तेव्हा खाली बरीच बाके रिकामी होती. आमची लक्षवेधी पुकारली गेली, पण संबंधित मंत्री उपस्थित नव्हते. दुसऱ्या मंत्र्यांनी उभे राहून सदर बाब तपासून उचित कार्यवाही करण्यात येईल, असे कागदावरून वाचले, आणि पुढची लक्षवेधी सुरू झाली. एवढ्यात आईला गुडघा चोळून पाय सरळ करायलाही वेळ मिळाला नव्हता. ती म्हणाली, "झालं का? आपलंच होतं का ते?"

महोदय, आपल्या गोषवाऱ्यात ही चार मिनिटे 'कामकाज' म्हणून धरली गेली असणार.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला वर्षातून एका अधिवेशनाचा शब्द दिला, तो गाऱ्हाणे ऐकण्यासाठी दिला, अशी आमची समजूत होती. सात दिवस, त्यातही शनिवार-रविवार धरून, म्हणजे वर्षाचे दोन टक्केही नाहीत. दरवर्षी मंत्री उतरतात ते रविभवन आणि आमदार निवास मात्र न चुकता रंगवले जातात. एखाद्या डिसेंबरात तो रंग वाचवून आमच्या निवाड्याची फाइल उघडली असती, तर आम्ही बिनरंगाच्या भिंतींचेही कौतुक केले असते. आमच्या भागातल्या गोसीखुर्द धरण प्रकल्पाचे भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाले, त्या वेळचा ३७२ कोटींचा अंदाज अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. विदर्भाचे वैधानिक विकास मंडळ अनुशेषाचा, म्हणजे मागे राहिलेल्या विकासकामांचा, हिशेब ठेवत असे. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. यंदा तर दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेताच नव्हता. मग सामान्य माणसाने अधिवेशनाचे मोजमाप करायचे तरी कशाने? घोषणांनी, गदारोळाने, की सभात्यागांनी?

माझी मागणी लहान आहे. गोषवाऱ्यात एक रकाना वाढवावा: मागील नागपूर अधिवेशनात कोणत्या खात्याने किती आश्वासने दिली, त्यांपैकी किती पाळली आणि उरलेली कोणाच्या टेबलावर आहेत. तो शेवटच्या दिवशी नव्हे, तर पहिल्या दिवशी, बाके भरलेली असताना वाचावा. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती आहे, हे मला माहीत आहे. पण समितीचा अहवाल येईपर्यंत आश्वासन देणारे मंत्री दुसऱ्या खात्यात रुळलेले असतात, आणि नव्या मंत्र्यांना जुनी फाइल 'तपासून' पाहायची असते.

२०२३ च्या आश्वासनाची प्रत मी आपल्या कार्यालयाकडे टपालाने वेगळी पाठवली आहे. पुढच्या डिसेंबरात आई आणि मी पुन्हा येणार आहोत. आमची लक्षवेधी कोणत्या दिवशी पुकारली जाईल आणि मंत्री त्या दिवशी हजर असतील का, एवढे आधी कळवता आले, तर धानाच्या चुरण्याचे मजूर तो दिवस सोडून सांगता येतील.

आपला,
भंडारा जिल्ह्यातील एक धान उत्पादक