उश्गुलीची लामारिया आणि आपली मरीआई

कोल्हापूर, रविवार रात्र

भावा,

फोनवर तू घाईत होतास म्हणून आता निवांत लिहायला बसलोय. भाची तिकडं जॉर्जियात तिबिलिसीला एमबीबीएस करत्येय म्हणून गेलो हे तुला माहितीय, पण तिच्या सुट्टीत आम्ही वर काकेशसच्या डोंगरात स्वानेतीला जाऊन आलो ते सांगायचंच राहिलं. तिथल्या मेस्तिया गावापासून उश्गुली पंचेचाळीसेक किलोमीटर, गाव साधारण 2,100 मीटरवर, म्हणजे आपलं कळसूबाई पण खाली राहिलं बघ. समोर श्खारा शिखर, 5,000 मीटरच्या वरचा, जूनमध्ये पण पांढराफेक. गावात जुने दगडी बुरूज, 1996 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

आणि गावाच्या वरच्या अंगाला एक चर्च. भावा, केवढंसं ते! आपल्या मरीआईच्या देवळाएवढं असंल, नुसता दगड, भोवतीनं गडगा नि बाजूला एक बुरूज. हजारेक वर्षं जुनं. वाकून आत गेलो तर अंधार, बसायला बाकडी नाहीत, उभं राहूनच प्रार्थना, मेणाच्या बारीक पिवळ्या मेणबत्त्या आणि भिंतीवर काळवंडलेली चित्रं, डोळे सरावले की हळूहळू एकेक चेहरा दिसायला लागतो. भाचीनं डोक्यावर ओढणी घेतली, मी आपसूक हात जोडले.

नाव काय माहितीय? लामारिया. स्वान म्हणजे स्वानेतीतल्या लोकांची चूल, गुरं, बाळंतपण सांभाळणारी देवी ती, आणि येशूची आई मारिया पण तीच, दोघी एकाच नावात बसल्यात. लामारिया ऐकलं आणि मला पहिली आठवली ती आपली मरीआईच. शब्दाचा संबंध नसंल, पण माझ्या अंगावर काटा आला.

अजून एक. खाली मैदानात परकी फौज आली की जॉर्जियातली मूर्तिचित्रं, पोथ्या या डोंगरात आणून ठेवायचे, आणि स्वान लोकांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या आपल्या छोट्या चर्चांतनं जिवापाड जपल्या. सहा-सहा महिने बर्फात अडकणारी साधी शेतकरी माणसं रे ही.

तिथनं आलो आणि आपल्या गावात गेलो तर कळलं, मरीआईच्या देवळाच्या जीर्णोद्धारात काळ्या दगडाची फरशी काढून टाईल्स घालणारायत आणि खांबांना ऑइलपेंट. रात्रभर झोप नाही मला. आज्जीच्या आज्जीनं ज्या दगडावर डोकं टेकलं तो उपटून काढायचा? गळती काढा, शिखर दुरुस्त करा, माझी पण वर्गणी घ्या, पण दगडाला हात लावू नका एवढंच म्हणणं आहे माझं. तुझे काका कमिटीत आहेत, तुझं ऐकतात. पुढच्या रविवारी सकाळी देवळातच मीटिंग आहे, शनिवारी रात्रीच ये, मुक्कामाला आमच्याकडंच. स्वानेतीचं मीठ आणलंय, लसूण, धने, मेथी घालून कुटलेलं, वास आपल्या कांदालसूण मसाल्याच्या भावकीतलाच वाटतोय, आई म्हणत्येय पांढऱ्या रश्श्यात घालून बघू.

काकांना मात्र आजच फोन कर.

तुझाच