सूचना : प्रार्थनास्थळातील आपत्कालीन तयारी

सर्व सेवेकऱ्यांनी नोंद घ्यावी. प्रार्थनेआधी मागचे व बाजूचे दार कुलूप काढून, प्रत्यक्ष ढकलून पाहावे. घाबरलेली माणसे ज्या दाराने आत आली, तिकडेच धावतात. म्हणून इतर दारांशीही एकेक सेवेकरी हवा. जादा खुर्च्या वाटेत नकोत (गर्दीच्या दिवशी हमखास तिथेच येतात).

अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिन-सील जागेवर आहे ना, हे दरमहा बघावे. विजेच्या आगीवर पाणी मारू नये. आधी मेन स्विच बंद. पण मग माइकही बंद पडतो, दिवेही जातात. त्यासाठी सेलवर चालणारा हातभोंगा व दोन टॉर्च मुख्य दाराजवळच ठेवावेत, कपाटात नव्हे. सेल सहा महिन्यांनी बदलावेत. जुने गळतात, आतल्या पट्ट्या गंजतात आणि भोंगा ऐनवेळी मुका होतो.