गाडीत बसण्याआधी ताश्कंदचे दोन दिवस

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिकिटं, व्हिसा सगळं हाती आलं, आता निघायचंच बाकी. उझबेकिस्तानात समरकंद, बुखारा, खिवा असं हजारभर किलोमीटर तुम्हाला जमिनीवरून जायचं आहे. त्याआधी ताश्कंदला जे दोन दिवस ठेवलेत, ते नुसते आरामात घालवू नका. जेवण मागणं, नोटा मोजणं, गाडी गाठणं, पुढे जिथं जिथं अडेल ते सगळं आधी तिथं करून बघा. तिथं चुकलं तर दुरुस्त करायला दुसरा दिवस असतो, बुखाऱ्याच्या फलाटावर नसतो.

निघण्याआधी औषधांचा डबा उघडा. बाबा, गुडघ्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर ट्रामाडॉल लिहिलंय का बघा. आई, तुझी झोपेची गोळी अल्प्राझोलाम आहे का तेही बघ. ही दोन्ही आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध उझबेकिस्तानात कडक नियंत्रणाखाली येतं. डॉक्टरांकडून पर्यायी गोळी लिहून घेतलेली सगळ्यात बरी. ती नसेलच चालत, तर इंग्रजीत औषधाचं मूळ नाव आणि नग लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा आणि विमानतळावर कस्टमच्या लाल मार्गानं जाऊन गोळ्या स्वतःहून दाखवा. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या, प्लास्टिकच्या डबीत सुट्या करू नका.

उतरल्यावर घड्याळ अर्धा तास मागे करा. रुपये तिथं सहज बदलून मिळत नाहीत, म्हणून डॉलर न्या. नोटा नव्या, न दुमडलेल्या, शाई न लागलेल्या हव्यात, नाहीतर बँक परत करते. एका डॉलरला साधारण बारा हजार सोम येतात, त्यामुळे शून्यांचा घोळ ठरलेला. पाच हजार आणि पन्नास हजारांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यांत ठेवा. टॅक्सी विमानतळाच्या दारात घासाघीस करून ठरवू नका. यांडेक्सच्या ॲपवरून बोलवा, भाडं आधी दिसतं आणि रोख देता येतं. हॉटेल तुमची नोंदणी करतं, त्याची चिठ्ठी प्रत्येक गावी मागून पासपोर्टात ठेवा.

पहिल्या सकाळी मेट्रोनं चोर्सू बाजारात जा. चोर म्हणजे चार, सू म्हणजे दिशा, म्हणजे आपला चौकच. मोठ्या निळ्या घुमटाखाली तळाला मांसाचे ओटे आहेत. आई, तिथं थांबू नकोस, सरळ पायऱ्या चढून वरच्या गोल सज्जात जा. बदाम, पिस्ते, जर्दाळू, बेदाणे सगळं वर आहे. गाडीसाठी अर्धा किलो पुरे. बाहेर तंदूरमधून निघणारे नान मिळतात, मधोमध ठशानं टोचलेली नक्षी असते. दोन घ्या, दुसऱ्या दिवशीही चालतात. फक्त नान पालथा ठेवायचा नाही, तिथं ते अन्नाचा अपमान समजतात.

आता जेवणाचं नीट वाचा, कारण इथंच शाकाहारी माणूस फसतो. 'सब्जी' मागितलीत तर गाजर येईल, उझबेक भाषेत सब्जी म्हणजे गाजर. म्हणायचं 'गोश्तसिझ', म्हणजे मांसाशिवाय. पण तेवढ्यानं भागत नाही. पुलाव मांसाबरोबरच शिजतो, वरचे तुकडे काढून दिले तरी भात त्याच रसातला असतो. भोपळ्याच्या सामशातही (सामसा म्हणजे त्यांचा समोसा) पुष्कळदा मेंढीच्या शेपटाची चरबी असते, तिला 'दुंबा' म्हणतात. म्हणून सामसा घेताना 'दुंबा?' एवढंच विचारा आणि मान हलते ती नीट बघा. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे नान, टोमॅटो-कांद्याचं अचिचुक, दही म्हणजे 'कातिक', साय म्हणजे 'कायमोक', आणि फळं. हेच 'सिझ' पाण्यालाही लागतं. बाटली घेताना 'गझसिझ' म्हणा, नाहीतर सोडा हातात येतो. नळाचं पाणी पिऊ नका. दुधाचा चहा हवा तर 'सुत बिलान' सांगावं लागतं, एरवी समोर येतो तो बिनदुधाचा हिरवा.

दुपारी चोर्सूहून त्याच मेट्रो लाईननं 'ताश्कंद' स्टेशनपर्यंत जा. मध्ये पाच स्टेशनं आहेत, गाडी बदलावी लागत नाही. वाटेत अलीशेर नवाई आणि कोस्मोनावत्लार इथं उतरून पाहा. दुसऱ्याच्या निळ्या भिंतींवर अंतराळवीरांच्या जोडीला खगोलशास्त्रज्ञ राजा उलुगबेग आहे, ज्याची पंधराव्या शतकातली वेधशाळा तुम्ही समरकंदला बघणार आहात. बाबा, घाई नको. बऱ्याच ठिकाणी साध्याच पायऱ्या आहेत.

'ताश्कंद' मेट्रोच्या वरच रेल्वेचं मुख्य स्टेशन. मला सगळ्यात काळजी याचीच आहे. शहरात लांब पल्ल्याची दोन स्टेशनं आहेत. हे उत्तरेचं, जुन्या कागदांवर 'शिमोली'. दुसरं दक्षिणेचं, 'जनुबी', ते लांब आहे. तिकिटावर कुठलं छापलंय ते वाचा. आदल्या दिवशी दार, सामान तपासायची जागा आणि आत जायचा रस्ता डोळ्यांखालून घाला. पासपोर्ट आणि तिकीट जुळल्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून पासपोर्ट क्रमांकाचा एकेक अंक तपासा. एक चुकला तरी खोळंबा होतो. गाडीच्या तासभर आधी पोचा.

समरकंदची अफ्रासियाब गाडी स्पेनमध्ये बनलेली, वेगवान आहे. 344 किलोमीटरला साधारण सव्वादोन तास लागतात, तिथं त्रास नाही. त्रास परतीच्या रात्रीच्या गाडीत. 'कुपे' म्हणजे चार बर्थांची खोली. विषम आकडे खालचे, सम वरचे. तुम्हाला दोघांनाही विषमच हवेत. 33 आणि 35 टाळा, शेजारीच संडास. डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा बंब असतो, म्हणून स्टीलचा पेला आणि चहाची पुडी वरच्या पिशवीत ठेवा. जुन्या डब्यांत गाडी स्टेशनात उभी असताना संडासाला कुलूप लावतात. मोठं स्टेशन येण्याआधी जाऊन या.

दुसऱ्या संध्याकाळी वेळ काढून शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी जा. बाबा, तुम्ही तेव्हा शाळेत होता. 10 जानेवारी 1966 ला करार झाला आणि त्याच रात्री ते गेले. त्याच वर्षी 26 एप्रिलच्या भूकंपानं ताश्कंदचा मोठा भाग पडला, म्हणून जुनं शहर चोर्सूच्या आसपासच थोडं उरलंय, बाकी रुंद रस्ते आणि झाडी. जाताना फुलं घेऊन जा.

परतीच्या तिकिटांचा फोटो आजच पाठवा, बर्थचे आकडे मी बघते. सम आले असतील तर अजून बदलता येतील का ते पाहू.

तुमची,
मनू