उत्तर नेमकी कुठे?

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, की समुद्राखाली जीपीएसचा सिग्नल पोचत नाही, तर पाणबुडीतल्या क्षेपणास्त्राला रस्ता कोण दाखवतं? बाहेरून कुणीच नाही. त्याच्या पोटात जायरो आणि ॲक्सिलरोमीटर असतात. किती वळलो ते जायरो सांगतात, वेग किती बदलला ते ॲक्सिलरोमीटर. संगणक त्याची बेरीज करत जागा काढतो. आई, पडदे ओढलेल्या एसटीत बसून नुसत्या धक्क्यांवरून आणि वळणांवरून टेंभुर्णी गेलं की मोहोळ आलं हे ओळखायचं, तसं. फक्त निघालो कुठून ते पक्कं हवं.

खरी गोम तिथेच आहे. जमिनीवरचा तळ हलत नाही, पाणबुडी हलते. तिची जागा, वेग आणि उत्तर दिशा क्षेपणास्त्राला तिच्याच यंत्रणेकडून मिळते, चुकांसकट.

उत्तर शोधायची कशी? पृथ्वी तासाला १५.०४ अंश फिरते. आपलं सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर, तिथे या फिरण्याचा आडवा भाग १४.३ अंश भरतो आणि तो बरोब्बर उत्तरेकडे असतो. आडवा धरलेला जायरो फिरवत जायचं. त्याला हे फिरणं शून्य दिसलं की त्याचं तोंड पूर्वेला (किंवा पश्चिमेला). पण जायरोतच तासाला ०.०१ अंशाचा दोष असेल, तर उत्तर ०.०४ अंशाने हुकते. ऐकायला काहीच नाही, पण हजार किलोमीटरवर ते ७०० मीटर होतात! ध्रुवाजवळ तर हा आडवा भाग उरतच नाही. १९५८ मध्ये अमेरिकेची नॉटिलस पाणबुडी बर्फाखालून उत्तर ध्रुवापाशी गेली, ते म्हणूनच मला मोठं वाटतं.

ॲक्सिलरोमीटरचा दोष वेगळा त्रास देतो. वेग दर सेकंदाला ०.००१ मीटर प्रति सेकंद जास्त वाढल्याचं दिसावं, एवढाच दोष धरा; जागेची चूक होते मिनिटात १.८ मीटर, दहा मिनिटांत १८० मीटर. वेळ दहापट, चूक शंभरपट.

अमेरिकेचं ट्रायडंट हे पाणबुडीतून सुटणारं क्षेपणास्त्र यावर हवेबाहेर गेल्यावर तारा टिपतं. तारा अपेक्षेपेक्षा जितका सरकलेला दिसेल, त्यावरून दिशेची आणि निघाल्या जागेचीही चूक बरीच कमी करता येते. गुरुत्वाकर्षण मात्र ॲक्सिलरोमीटरला कळतच नाही. ते आधीच मोजून संगणकात भरावं लागतं.

तुमची,
धाकटी