‘थांबा, पाठवू नका’ शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपण प्रत्यक्ष कधी भेटलो नाही. तुमच्या फेसबुकवरच्या पोस्ट आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत यायच्या, तेवढीच ओळख. नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचलंत की तुम्हाला कळेलच.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत मोबाइलवर अभ्यासमाला येऊ लागली. व्हिडिओंना तोटा नव्हता. उणीव होती ती मुलाला आत्ता पडलेल्या प्रश्नाला आत्ता उत्तर देणाऱ्या माणसाची. झूम कसं उघडायचं हे सांगणारे पुष्कळ होते. उघडल्यावर फुकटातल्या त्या ४० मिनिटांत करायचं काय, ते तुम्ही सांगितलंत.

‘थांबा, पाठवू नका’ ही तुमची युक्ती मी अजून वापरते. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी उत्तर चॅटमध्ये लिहायचं, पण बाई ‘पाठवा’ म्हणेपर्यंत बटण दाबायचं नाही. सातवीला १/२ + १/३ किती ते विचारलं. ‘पाठवा’ म्हटलं आणि धडाधड उत्तरं पडली, त्यांत बरीचशी २/५. अंशात अंश, छेदात छेद मिळवलेला. एरवी हात वर करणाऱ्या त्याच चार मुलांनी ५/६ सांगितलं असतं आणि मी पुढे गेले असते. त्या दिवशी पुढे गेलेच नाही. अर्ध्या भाकरीत आणखी तिसरा हिस्सा घातला तर ती अर्ध्याहून कमी कशी होईल, यावरच सगळा तास रंगला. कधीच न बोलणारी एक मुलगी म्हणाली, “बाई, २/५ तर अर्ध्याहूनही लहान आहे!” तो तास तुमचा होता, मॅडम.

त्याच सुमारास फ्रिजचा पारदर्शक ट्रे डब्यांवर ठेवून, त्यावर फोन मांडून शिकवणाऱ्या एका बाईंचा फोटो देशभर फिरला. आम्ही सगळ्यांनी तो नुसता पुढे पाठवला. तुम्ही करून पाहिलंत आणि लिहिलंत: उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा, नाहीतर हाताची सावली अक्षरावर पडते. काय फसलं तेही तुम्ही तितक्याच मोकळेपणाने सांगायचात. पाचवीची मुलं ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे झूमवरच्या छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्यांत, सोडली तर गप्प बसतात, आधी कामं वाटून द्या, हे तुमच्यामुळेच कळलं. घरात एकच फोन आणि दिवसाला दीड जीबी असेल, तर तास संध्याकाळी, कॅमेरे बंद, फळ्याचा फोटो आधीच ग्रुपवर. ‘तंत्रस्नेही’ या शब्दाला मी खरा अर्थ इथे पाहिला.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायलाच हवेत. ऑनलाइन तासाचे स्क्रीनशॉट मुलांच्या चेहऱ्यांसकट, नावांसकट टाकायची तेव्हा चढाओढ लागली होती. तुमच्या एकाही पोस्टमध्ये मुलाचा चेहरा नसायचा. युक्ती सगळ्यांची, मूल त्याच्या घरचं, असं तुम्ही एका कमेंटमध्ये लिहिलं होतं. त्यानंतर आमच्या ग्रुपवरही तो नियम झाला.

आता शाळा भरतात. पण दिवाळीच्या आसपास आमची काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांच्यासाठी रविवारी संध्याकाळी मी फोनवर लाइव्ह तास घेते, रेंज मिळेल तसा. त्यात काय जमलं, काय नाही, ते लिहायला घेतलं आहे. पोस्ट टाकली की तुम्हाला टॅग करीन. चुकलेलं दिसेल तिथे सांगा.

तुमची कृतज्ञ,
बीड जिल्ह्यातली एक गणित शिक्षिका